चिनीमातीची माशी

आश्विन लागला की कोल्हापुरात चतुर येतात. पाऊस थांबलेला असतो, पण भिंतींची ओल गेलेली नसते. दुपारचं ऊन असं चटकतं की हातातली छत्री पावसासाठी आणली होती की उन्हासाठी, तेच कळेनासं होतं. पंचगंगेकाठची भातं पोटरीला आलेली असतात आणि त्या हिरव्यावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, चतुरांची नुसती जत्रा भरते. एका जागी थबकायचं, मग मनात काहीतरी आल्यासारखं सटकन बाजूला व्हायचं, पुन्हा थबकायचं. आमच्या गल्लीतली पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात.

यंदा ते आमच्या गच्चीवरही आले. मी वाळलेली चादर काढायला गेले होते. तारेवर एक तांबूस चतुर येऊन बसला, पंख आडवे पसरून, हलेचना. इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे, तेव्हा खरं तर आधी त्याचं शास्त्रीय नाव आठवायला हवं होतं. आठवली ती गिरिजा मगदूम. चादर खांद्यावर टाकून मी तिथंच उभी राहिले, चतुर उडून गेला तरी.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमचा विभाग कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या शेजारी. आत शिरलं की फॉर्मलीनचा आणि डांबरगोळ्यांचा वास यायचा. तो साडीला लागायचा आणि घरापर्यंत सोबत यायचा. पहिल्या वर्षाला यायची ती बहुतेक मुलं मेडिकलला नंबर न लागलेली. वर्गात ती लांबच्या नातेवाइकाकडं मुक्कामाला आल्यासारखी बसत, कधी एकदा निघतो अशा चेहऱ्यानं. मी मन लावून शिकवायची. पण आपला विषय हा कुणाचातरी हुकलेला दुसरा विषय आहे, हे रोज समोर दिसत असलं की शिकवणाऱ्याचा आवाज हळूहळू खाली येतो. माझाही आला होता.

विभागात आम्ही दोघंच कायमची माणसं. मी आणि प्रयोगशाळेचे परिचर दत्तूमामा. दत्तात्रय बाबू लोहार. कळंब्याच्या पलीकडचं त्यांचं गाव, शिक्षण सातवी. किडे पकडावेत तर मामांनी. मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं त्यांनी स्वतः शिवलं होतं. चतुर समोरून धरायचा नाही, मागून धरायचा आणि जाळं खालून वर आणायचं, हे मला त्यांनीच सांगितलं.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. एका दुपारी मामा दारातून म्हणाले, "मॅडम, पावणी आल्यात. विंजनेरिंगच्या कॉलेजातनं."

मागं एक किडकिडीत मुलगी उभी होती. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, खांद्याला कापडी पिशवी. आत येऊन तिनं सरळ विचारलं, "मॅडम, चतुर कसा उडतो ते सांगता काय?"

मी म्हटलं, "कशासाठी?"

"मला करायचा आहे."

"काय करायचा आहे?"

"चतुर," ती म्हणाली. मग आपण फारच थोडं सांगितलं असं तिला वाटलं असावं. तिनं पिशवीतून एक डबी काढली. आत कापसावर दोन करड्या पट्ट्या होत्या, काडेपेटीतल्या काडीहून जरा रुंद. "ही चिनीमाती आहे बघा. पिझो म्हणतात. तुमच्या स्वयंपाकघरात गॅसचा लायटर आहे की नाही? तो दाबला की ठिणगी पडते. त्यात हीच असते. दाबली की वीज देते. आणि उलटं, हिला वीज दिली की ही वाकते. परदेशात लोक हिच्यावर माशीएवढं यंत्र करायला बघताहेत. मोटर नाही, चाकं नाहीत. नुसते पंख. मी लायब्ररीत वाचलं."

तिच्या प्रोजेक्टचे गाईड असलेल्या सरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी काहीतरी चालतंय असं दाखव, नाहीतर मुकाट्यानं बाकीच्यांसारखा ट्रॅफिक सिग्नलचा प्रोजेक्ट घे. वरून विचारलंही होतं, याचा उपयोग काय? "मी म्हटलं, माहीत नाही सर. आधी होऊ तरी दे."

मला ती मुलगी तिथंच आवडली.

गिरिजा गडहिंग्लजच्या पुढची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावची. घरात कानडी, बाजारात मराठी. वडील गुळाचे व्यापारी. त्यांना ती अप्पा म्हणायची, आईला अव्वा. गुळाच्या ढेपांवर घोंघावणाऱ्या माश्या बघत ती मोठी झाली होती. "अप्पा त्यांना हाकलायचे आणि मी बघत बसायची," असं ती एकदा म्हणाली.

मी तिला म्हटलं, "मग तू चुकीच्या किड्याकडं आली आहेस. चतुराचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी बांधलेले असतात. प्रत्येक पंख वेगळा ओढायचा. तुझ्याकडं दोनच पट्ट्या. तुला माशी हवी."

मग मी तिला माझा डबा दाखवला. दूधपावडरीचा रिकामा पत्र्याचा डबा, वर सैल झाकण, आणि झाकणाच्या कडेखाली दोन बाजूंनी खोचलेल्या आइस्क्रीमच्या दोन काड्या. दरवर्षी मी हा डबा वर्गात नेत असे आणि दरवर्षी मुलं घड्याळाकडं बघत. झाकण दाबलं की काड्यांची बाहेरची टोकं वर उचलली जातात. सोडलं की खाली येतात. माशीची छाती अशीच असते. आतले स्नायू पंखांना हातच लावत नाहीत. ते छातीचं छप्पर ओढतात. छप्पर जरासंच खाली येतं, केसाएवढं, आणि पंख मात्र पार वर जातात.

गिरिजानं डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण दाबून बघितलं. मग पुन्हा. कितीतरी वेळ ती दाबत राहिली. मामा दारात चहा घेऊन उभे होते, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "ही पट्टी तेवढीच वाकते. केसाएवढीच. मी महिनाभर डोकं धरून बसले होते, एवढ्याशा वाकण्यात पंख कसा हलवायचा म्हणून. हे माशीनं आधीच करून ठेवलंय की."

वर्गात त्या डब्यावर असं कुणी कधी बोललं नव्हतं. मी उगाचच टेबलावरचे कागद नीट लावले.

तेव्हापासून ती रोज यायला लागली, तिचं कॉलेज सुटलं की. खिडकीपाशी तिनं आपलं बिऱ्हाड मांडलं. एक जुना ट्रान्सफॉर्मर, कॉलेजातून मागून आणलेली, विजेचे कमी-जास्त वेगाचे ठोके देणारी सिग्नलची पेटी, रिळातून काढलेली केसासारखी तांब्याची तार. पंखांची कड उदबत्तीची काडी चिरून केलेली. वरचा पापुद्रा कॅसेटच्या वेष्टणाचा. आणि सांधे कॅसेटच्या फितीचे, कारण ती फीत लाख वेळा वाकली तरी तुटत नाही. त्यासाठी अव्वाची कानडी भजनांची कॅसेट कामी आली होती. "अव्वाला कळलं तर मला उडवेल," ती म्हणायची.

माश्या आणायचं काम मामांचं. दसरा तोंडावर आला होता. मामांच्या गावाकडं पहिलं गुऱ्हाळ सुरू झालं आणि ते रोज सकाळी जॅमच्या बाटलीत माश्या घेऊन यायला लागले. मोठ्या निळ्या, धडधाकट. "उसाचा रस प्यालेल्या हायत," ते सांगायचे, "मार्केटातल्या मरतुकड्या न्हवं." बाटलीचं झाकण किलकिलं केलं की गुळाच्या काहिलीचा वास यायचा आणि आमच्या विभागातला फॉर्मलीन काही वेळ हरायचा. आजही ताज्या गुळाचा वास आला की मला सूक्ष्मदर्शकाखाली पसरलेला माशीचा पंख दिसतो. पुढची कड जाड शिरांची, मागची नुसती झिरमिळ्यांसारखी.

आणि मग मी ती चूक केली.

त्या दिवशी गिरिजा तार जोडत होती. पट्टी फितीच्या सांध्यावर बसवायची होती. मी म्हटलं, मी धरते. भुंगेऱ्याचा पाय धरावा तसा मी चिमटा धरला. हात माझा तयार. वीस वर्षं मी मिशा न तोडता मुंग्या टाचणीवर लावल्या होत्या. टक असा आवाज आला. पट्टी मधोमध दुभंगली.

दोन पट्ट्यांपैकी एक आधीच गिरिजाच्या हातून गेली होती. ही शेवटची. पुण्याहून मागवलेल्या, पुन्हा मागवायच्या तर महिना गेला असता आणि सुट्टीला पंधरा दिवस उरले होते.

दोन्ही तुकडे तिनं तळहातावर घेतले आणि बघत राहिली. "माझ्या हातून कसं झालं," एवढंच मी म्हटलं.

"भाजलेली माती आहे ती, मॅडम," ती हळूच म्हणाली. "किडा दाबला तर दबतो. ही नाही दबत."

त्या संध्याकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर गेली. जाताना ट्रान्सफॉर्मर बरोबर घेऊन गेली. मामा टेबल पुसत होते. ते म्हणाले, "येती बघा उद्या. असली पोरं जात न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दारात. हातात ट्रान्सफॉर्मर. "मॅडम, तुमच्याकडं गजराचं घड्याळ आहे काय? सेलवरचं?"

घड्याळातला गजर वाजवते तीही अशीच एक चकती असते, पितळेच्या पत्र्यावर चिनीमातीचा पातळ थर, हे मला तिनं सांगितलं. होस्टेलवरच्या तिच्या घड्याळाची चकती ती रात्रीच कापून बसली होती, ती तडकली. मी दुपारी घरी जाऊन माझं घड्याळ घेऊन आले. माझ्या धाकट्या भावानं दिलेलं, हिरवं. तिनं ते उघडून चकती काढली. लक्ष्मीपुरीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आणखी तीन चकत्या आल्या. फूटपट्टीला लावून, नव्या ब्लेडनं, एका जागी चाळीस-चाळीस वेळा हलकी रेघ ओढत तिनं त्यातून पट्टी कापली. मी श्वास रोखून लांब उभी होते. चिमट्याला हात लावला नाही.

यंत्र उभं राहिलं आणि पंख हलायलाही लागले. सिग्नलच्या पेटीचं बटण फिरवत न्यायचं. एका विशिष्ट जागी ती पट्टी अचानक गुणगुणायला लागायची आणि पंख इतके वेगानं हलायचे की नुसता धुरकट पंखा दिसायचा. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो आपणहून उंच जातो, तशी प्रत्येक वस्तूची एक आपली लय असते, ती सापडली पाहिजे, असं गिरिजा म्हणायची. पण पंख हलत असूनही काही होत नव्हतं. समोर धरलेला कापसाचा तंतूसुद्धा हलेना.

मी तिला माशीचा पंख पुन्हा दाखवला. म्हटलं, माशी पंख नुसता वर-खाली मारत नाही. पुढं-मागं वल्हवते, आणि प्रत्येक टोकाला पंख पालथा करते. मी हातानं करून दाखवत होते, पण ते माझं मलाच पटत नव्हतं. गिरिजा माझ्या हाताकडं बघत होती. एकदम तिनं स्वतःचे दोन्ही हात पुढं केले आणि तळवे तिरके करून पुढं-मागं फिरवायला लागली.

"हे उभं पोहणं आहे की," ती म्हणाली. "आमच्या हिरण्यकेशीत डोहात पाय टेकत नाहीत तिथं आम्ही असंच करतो. तळवा तिरका नाही केला तर बुडालाच."

तिनं पंख कापून पुन्हा लावले. आता मुळाशी फितीचा आणखी एक सैल सांधा. हवेच्या दाबानं पंख आपोआप तिरका व्हायचा, परतताना दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी कापसाचा तंतू हलला. मामांनी तो मुद्दाम पुन्हा पुन्हा समोर धरून बघितला. "वारं घालतीय," ते म्हणाले.

वारं घालते हे खरं, पण स्वतःला उचलते का? तेवढी ताकद नव्हती, हे गिरिजाला माहीत होतं. तिला निदान एवढं दाखवायचं होतं की पंख चालू असताना यंत्राचं वजन कमी भरतं. त्यासाठी रसायनशास्त्र विभागातला काचेच्या पेटीतला तराजू हवा होता. मी त्यांच्या विभागप्रमुखांकडं जाऊन तो मागितला. आमच्या विभागानं कुणाकडं काही मागायची ती पहिलीच वेळ असावी. आम्हाला सहसा काही लागतच नसे.

पारड्यावर यंत्र ठेवलं तर पंखांचं वारं पारड्यावरच आदळतं आणि काटा जागचा हलत नाही, हे आदल्या दिवशीच्या चाचणीत कळलं. तेव्हा गिरिजानं डावं पारडंच काढून टाकलं आणि त्या जागी आकड्याला माशी टांगली, खाली सगळं मोकळं.

सुट्टी लागायच्या दिवशी सकाळी सगळे जमले. तिचे गाईड सर, रसायनवाले प्रमुख, मी, मामा. आणि अप्पा. लेकीला दिवाळीला न्यायला ते सकाळच्या एसटीनं आले होते. पांढरा सदरा, कपाळाला भस्म, हातात टोपी. ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी खुर्ची दिली तर म्हणाले, "असू दे बाई. मला उभ्यानं दिसतंय."

गिरिजानं उजव्या पारड्यात वजनं टाकून काटा मध्यावर आणला. काटा दांडीखाली लोंबणारा, त्यामुळं माशीची बाजू हलकी झाली की तो डावीकडं जायचा. पेटीचं दार लावलं. बटण फिरवलं. गुणगुण सुरू झाली. आणि काटा डावीकडं सरकला. थोडाच, दोन-अडीच रेघा, पण सरकला आणि तिथंच राहिला. बटण बंद केलं, मध्यावर आला. पुन्हा चालू केलं, पुन्हा सरकला.

माझे डोळे भरून आले होते. मी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

गाईड सर मात्र वाकून बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण पटल्याशिवाय मान डोलावणारा नव्हता. ते म्हणाले, "गिरिजा, हे वायब्रेशन आहे. तराजूला एवढी थरथर लागली की काटा कुठंही जाईल. यावरून उचल मिळते असं नाही म्हणता येत."

गिरिजानं माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी, इतक्या वर्षांत वर्गात खाली गेलेला माझा आवाज कुठून वर आला कोण जाणे. मी म्हटलं, "सर, उलटी टांगूया."

"म्हणजे?"

"माशी उलटी करायची. बाकी सगळं तसंच. पट्टी तीच, थरथर तीच. नुसत्या थरथरीनं काटा सरकत असेल तर तो आताही डावीकडंच जाईल. पण पंख खरंच हवा खाली ढकलत असतील, तर उलटे झाल्यावर ते हवा वर ढकलतील आणि माशी खाली ओढली जाईल. वजन वाढलं पाहिजे. काटा उजवीकडं गेला पाहिजे."

सर सरळ उभे राहिले. "बरोबर," ते म्हणाले. "तसं झालं तर मी मानतो."

उलटी बांधायला, गोंद वाळायला अर्धा तास लागला. मामांनी चहा आणला, कुणी नीट प्यायलं नाही. माझ्या मनात एकच होतं. काटा पुन्हा डावीकडं गेला तर या मुलीचं सगळं मीच बुडवलं, आणि तेही दुसऱ्यांदा.

गिरिजानं दार लावलं आणि बटण फिरवलं. गुणगुण सुरू झाली. काटा उजवीकडं गेला.

सरांनी तिला तीनदा बंद-चालू करायला लावलं. तिन्ही वेळा उजवीकडं. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ट्रॅफिक सिग्नल नको करू." एवढंच. पण त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि मग येऊन माझ्याशीही केलं. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं हे कुणाला सुचलं नसतं."

मला आयुष्यात पुढं काही मानसन्मान मिळाले, लहानसहान. त्यांतला एकही त्या वाक्याच्या जवळ जात नाही.

अप्पा अजून भिंतीपाशीच होते. त्यांनी लेकीला कानडीत काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं. मग ते मला म्हणाले, "बाई, तीस वरसं तागडी धरलोय. टांगलेला माल आपणहून हलका होतोय, हे आज बघितलो." आणि गिरिजाकडं वळून, "इन्नोम्मे तोरसु."

"आणखी एकदा दाखव म्हणतात," गिरिजा हसत म्हणाली.

तिनं पुन्हा सुलटी बांधली. या वेळी अप्पा पुढं आले आणि काचेला नाक लागेल इतके वाकले. काटा डावीकडं सरकला, ठरला. ते बघत राहिले, गिरिजानं बंद केलं नाही. आणि तेवढ्यात तो ओळखीचा आवाज आला. टक. काटा मध्यावर येऊन थांबला. पट्टी मुळाशी तडकली होती.

अप्पांचा चेहरा पडला. आपल्यामुळं मोडलं असं त्यांना वाटलं. गिरिजा म्हणाली, "असू दे अप्पा. झालं ते झालं. आता मला कशी करायची ते ठाऊक आहे."

मामा मागून म्हणाले, "माशी तरी किती दिवस जगती वो? तिनं तिचं काम केलं की."

गिरिजानं त्या वर्षात तशा आणखी पाच माश्या केल्या. पुढं ती बेंगळुरूला शिकायला गेली आणि आज तिथंच संशोधन करते, याच विषयात. तिची पत्रं येतात, हल्ली ई-मेल. त्यात पंखांच्या आकृत्या असतात आणि खाली ठरलेलं एक वाक्य: मॅडम, हे बरोबर आहे का बघा. त्यातलं निम्मं मला आता कळत नाही. पण बघते, आणि माशीच्या बाजूनं जे सांगता येईल ते सांगते. आमच्या विभागातली मुलं अजूनही मेडिकल हुकलेलीच असतात. डबा घेऊन मी वर्गात जाते तेव्हा माझा आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत जातो.

पण त्या हंगामाचं शेवटचं काम मी नंतर हाती घेतलं, एकटीनं, आणि ते सांगितल्याशिवाय माझा हा अभिमान पुरा होत नाही.

उन्हाळ्यात गिरिजाचा छापील अहवाल आला. पहिल्या पानावर आभार होते. सुरुवातीलाच लिहिलं होतं: श्री. दत्तात्रय बाबू लोहार, प्रयोगशाळा परिचर, यांनी या कामासाठी लागलेली प्रत्येक माशी पकडून आणली. त्यानंतर माझं नाव, मग सरांचं. मी ते पान मामांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, स्वतः पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "माझं पुरं नाव लिवलंय." दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स काढून घेतली.

अहवालाबरोबर गिरिजानं ती पहिली, मोडकी माशी पाठवली होती. मी ती विभागाच्या कीटकपेटीत ठेवायचं ठरवलं. टाचणी लावली, खालची चिठ्ठी लिहायला घेतली. प्रत्येक कीटकाखाली अशी चिठ्ठी असते: ठिकाण, महिना, आणि संग्राहक, म्हणजे ज्यानं पकडला त्याचं नाव. मी लिहिलं: कोल्हापूर. आश्विन. संग्राहक: गिरिजा मगदूम.

मग सवयीनं शेजारच्या चिठ्ठ्यांवर नजर गेली. चतुर, भुंगेरे, फुलपाखरं, नाकतोडे. पेटीमागून पेटी. सगळ्यांखाली माझ्या सुबक अक्षरात एकच संग्राहक: मी. त्यातलं एकही पाखरू मी पकडलेलं नव्हतं. मी नाव शोधलं होतं, टाचणी लावली होती. पकडलं मामांनी, चिखलात उतरून, उन्हात उभं राहून. ही विभागाची रीत होती, माझ्या आधीच्या सरांनीही तेच केलं होतं. वीस वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बावीस वर्षांच्या एका मुलीला पहिल्याच कागदावर दिसलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन रोज विभागात बसले. जुनी चिठ्ठी काढायची, नवी लिहायची. संग्राहक: द. बा. लोहार. तिसऱ्या दिवशी मामा आले. माझ्या खांद्यावरून त्यांनी एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी. मी वर बघायचं टाळलं.

मग त्यांनी बोट एका तांबड्या चतुरावर टेकवलं.

"मॅडम, ह्ये पन्हाळ्याचं न्हवं. पन्हाळ्याला त्या दिवशी घावलंच न्हाय. तुम्हास्नी वाईट वाटंल म्हणून मी येताना रंकाळ्यात उतरून ह्ये धरलं आणि तिथलंच म्हणून दिलं."

"आणि हे?" मी शेजारचं दाखवलं.

"ह्ये कात्यायनीच्या डोंगराचं. आणि ही दोन एकाच दिवशी, आमच्या विहिरीवर." ते स्टूल ओढून बसले.

मी नवी चिठ्ठी पुढं घेतली. "पहिल्यापासून सांगा," म्हटलं. "मी लिहिते."